सांडलेला तांब्या आणि आडवं गलबत

एका खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं, आणि त्या गावाला गलबतं पारखण्याची मोठी घमेंड होती. पारख कशी? नवं गलबत धक्क्याला लावायचं, फळीवर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचा आणि दहा माणसांना इकडून तिकडे चालवायचं. थेंब सांडला नाही तर गलबत पास. मग ते भर समुद्रात उलटलं, तर दोष समुद्राचा!

अशाच एका पास झालेल्या गलबतातून गावच्या सुतारणीचा धाकटा भाऊ गेला आणि परत आला नाही. ती फार रडली. मग तिने लाकूड तासायची वाकस उचलली आणि तीन वर्षं खपून स्वतःच्या मनासारखं गलबत बांधलं.

ते फार मोठं नव्हतं, आठ खलाशांपुरतं. पोट निमुळतं, तळाचा कणा खोल, त्यावर घट्ट बसवलेले जड दगड. वरची खोली बुटकी, झडपा लहान आणि पक्क्या. नक्षी कुठेच नाही.

बंदराच्या मुख्याला, म्हणजे शहाबंदराला, दूरच्या बेटावर आठ खलाशी पाठवायचे होते. त्याचं स्वतःचं गलबत तयारच होतं. रुंद, सपाट तळाचं, वर दुमजली सज्जा. त्याच्यावर तांब्या जागचा हललासुद्धा नाही.

सुतारणीनेही आपलं गलबत पारखायला आणलं. त्यावर मात्र दोन माणसं एका कडेला गेली आणि ते कललं. तांब्या आडवा! धक्का हसून हसून लोळला.

"दगड काढ, तळ रुंद कर, वर सज्जा चढव," शहाबंदर म्हणाला.

"नाही करणार."

"मग उद्या मोडून सरपण करीन त्याचं."

"करा ना! पण आधी आडवं पाडून दाखवा," सुतारीण म्हणाली. "डोलकाठीच्या शेंड्याला दोर बांधा आणि शेंडा पाण्याला टेकेपर्यंत ओढा. मी आत बसते."

"वेडी झालीस काय गो?" बेटावर जाणाऱ्या आठांतला एक म्हातारा खलाशी कळवळला. "नाही उठलं तर बुडून मरशील."

"काका, माझा भाऊ मेलाच ना? त्याचं गलबत उठेल का, कुणी पाहिलं होतं?"

ती आत गेली आणि तिने झडपा लावून घेतल्या. बाहेर खलाशांनी नांगर टाकला. दोर पलीकडच्या तीरावर नेला, चाळीस माणसांनी ओढला. गलबत कललं, आणखी कललं, कुशीवर झोपलं. डोलकाठीचा शेंडा पाण्यात बुडाला. आता कुणीच हसत नव्हतं.

"सोडा!" म्हातारा ओरडला.

दोर सुटला. तळातल्या दगडांनी आपलं काम केलं. गलबत एका झटक्यात उभं राहिलं, दोनदा डुललं आणि शांत झालं. झडप उघडून सुतारीण बाहेर आली. कपाळाला टेंगूळ आलं होतं, पण अंगावर पाण्याचा थेंब नव्हता.

"बंदरात कलतं, ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी ते बंदरात उभं राहायला बांधलेलंच नाही. आता तोच दोर सरकारांच्या गलबताला बांधा. आत सरकारांनी बसावं."

शहाबंदराने आपल्या गलबताकडे पाहिलं. दोराकडे पाहिलं.

"मला... कचेरीत काम आहे," तो म्हणाला.

म्हातारा खलाशी उठला, शहाबंदराच्या सज्ज्याच्या गलबतावर चढला, तिथे आधीच ठेवलेली आपली वळकटी काखेत मारून खाली उतरला आणि सुतारणीच्या गलबतात जाऊन बसला.

"अरे ए! कुणाच्या हुकुमाने?" शहाबंदर गरजला.

बाकीचे सातजण वळकट्या घेऊन त्याच्यासमोरून एकेक करत पलीकडे गेले. एकानेही मान वळवली नाही.

तात्पर्य: जो स्वतः आत बसायला तयार नाही, त्याच्या हुकुमाने दुसऱ्याने समुद्रात जाऊ नये.