तळघरातलं पीठ

सावळगडाच्या तळघरात उतरलेला कैदी पुन्हा कुणाच्या नजरेला पडत नसे. वर ऐकू यायची ती फक्त जात्याची घरघर, भर दुपारीसुद्धा, पायाखालच्या फरशीतून.

चोरीच्या आळापायी भिवरेचा नवरा वर्षापूर्वी तिथे उतरला होता. घरातला दाणा संपला, तेव्हा लेकीला काखोटीला मारून ती किल्लेदार शिदोजीरावांसमोर जाऊन उभी राहिली. राव जेवायला बसले होते, कारकून वही घेऊन बाजूला बसला होता.

"सरकार, माझा धनी खाली गडासाठी राबतोय. त्याच्या लेकराच्या पोटाला काही मिळावं."

रावांनी भाकरी मोडली. "त्या पायऱ्या उतरला तो मेला, असा गडाचा कायदा आहे. मेलेला माणूस लेकरं पोसत नाही. कुंकू पूस आणि घरी जा."

भिवरेनं लेकीला खाली ठेवलं. पोर फरशीला कान लावून बसली आणि खालच्या घरघरीबरोबर डोलू लागली.

"पुसते, सरकार," भिवरा म्हणाली. "पण गडाचं सगळं दळण खालीच होतं. म्हणजे वर्षभर आपण मेलेल्याच्या हातचं खाताय."

रावांचा घास ओठांशीच थांबला. नेमकं तेव्हाच खालचं जातंही थांबलं. वाढप्यांच्या हातातली भांडी जागच्या जागी राहिली.

"जिवंत आहे तो," राव कसेबसे म्हणाले. "कारकून, लिहून घ्या. जिवंत आहे."

"मग तो बाप आहे," भिवरेनं पदर पसरला. "त्याच्या दळणातला लेकीचा वाटा इथंच घाला."

पोरीनं फरशीवर टकटक केलं. खाली जातं पुन्हा फिरू लागलं.