पहिला नियम

विद्यापीठात आम्हा प्राध्यापक-कर्मचाऱ्यांना संगणकाच्या प्रशिक्षणाला बसवलं होतं. संचालक घोरपडेसाहेबांनी माइकवरून बजावलं, "पहिला नियम. आपला पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही!"

माझ्या शेजारी त्यांच्याच कार्यालयातल्या ढवळेबाई होत्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या. त्यांनी एक साधी शंका विचारली, तर साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, हे पापड लाटणं नव्हे. उद्यापासून जुन्या कागदांच्या गोदामात बसा."

लोक हसले. साहेबांच्या नावानं संगणकावरचं सगळं काम चार वर्षं ढवळेबाईच करतात, हे हसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. माझं डोकं तापलं. पण माझ्या लग्नाला महिनाच झाला होता, सासरी गप्प बसायची सवय नुकतीच लागली होती.

ढवळेबाई उठल्या. "साहेब, जाण्याआधी एकदा तुमचं खातं तुम्हीच उघडून दाखवा. बघून शिकेन."

साहेब ऐटीत पडद्यासमोर बसले. पासवर्ड दोनदा चुकला. मग माइक चालू असल्याचं विसरून पुटपुटले, "बाई, माझा पासवर्ड काय हो?"

"कुणालाही सांगायचा नाही, साहेब."

"अहो, पण तो माझा आहे!"

"मग तुम्हाला ठाऊकच असेल."

तिसऱ्यांदा चुकला आणि खातंच बंद पडलं. "आता हे उघडणार कोण?" साहेब ओरडले.

ढवळेबाईंनी पर्स खांद्याला अडकवली. "मला येतं. पण मी गोदामात असेन."

हुकूम त्याच माइकवरून मागे घ्यावा लागला. या वेळी हसले ती मी एकटीच, आणि चांगली मोठ्यानं.