आमरीची लेकरं

फार मागे एका खडकाळ सड्यावर एक आमरी, रानातली ऑर्किड, फुलली. आपल्या पांढऱ्याशुभ्र फुलांचा तिला भारी तोरा. मुळांना बिलगलेल्या बुरशीला ती म्हणाली, "शी! किती कळकट गं तू! चल, नीघ इथून."

बुरशी मातीतल्या मातीत दूर सरकली.

पुढे आमरीची शेंग तडकली आणि धुळीसारखं बी वाऱ्यावर उधळलं. शेजारच्या तेरड्याने आपल्या प्रत्येक बीबरोबर शिदोरी बांधून दिली होती. आमरीच्या बियांजवळ कणभरही नव्हती. तिचा जीव कासावीस झाला. "माझ्या लेकरांना आता कोण गं भरवणार?"

बी जिथे पडलं होतं, तिथल्या मातीतून बुरशीचा ओळखीचा आवाज आला, "भरवतेय मी केव्हाची. तूही अशीच उपाशी आली होतीस, बाई, माझ्या दारात."