पवळ्याचा जोडीदार

घाटाच्या पायथ्याशी शिरकुली गावात मुक्तगीर महाराजांचा मठ होता. काय दिवस होते हो ते! इंजिन कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. दळण जात्यावर, पाणी मोटेनं, तेल घाण्यावर. आणि घाट चढायचा तर गाडीच्या बैलांपुढे गावातली आणखी एक जोडी जुंपायची. घुंगरांच्या आवाजावरून माणसं सांगायची, कुणाची गाडी आली ते. नुसतं ऐकूनही जीव हळवा होतो.

त्या गावात धोंडाई तेलीण होती. एकटी बाई आणि घाण्याला एकच बैल, पवळ्या. रोजचं पहिलं तेल ती मठातल्या दिव्याला घालायची.

एकदा हैबतराव देशमुख आपल्या आजारी लेकीला, गोदाला, घाटावरच्या वैद्यांकडे घेऊन निघाले. वेशीत धोंडाई समोर आली.

"तेलीण आडवी आली. फिरव गाडी," देशमुख गाडीवानावर ओरडले.

तेलीण समोर आली की अपशकुन, असला खुळा समज होता तेव्हा! घरी जाऊन, पाणी पिऊन ते पुन्हा निघाले. तोवर पायथ्याच्या जोड्या व्यापाऱ्यांच्या गाड्यांबरोबर वर गेल्या होत्या. देशमुख गुर्मीत तसेच घाटाला लागले आणि पहिल्याच चढाला बैलांनी गुडघे टेकले. पोर तापानं बरळत होती. गाडीवान धावत मठात आला.

धोंडाई तिथंच दिव्यात तेल घालत होती. ती म्हणाली, "महाराज, माझा पवळ्या नेते. पण एकट्या बैलाला जू कसं पेलायचं?"

महाराज म्हणाले, "तू जुंप, बाई. दुसऱ्या बाजूचं मी बघतो. डोळ्यांवरची झापड तेवढी काढू नकोस, दरी बघून बुजेल तो."

पवळ्याला पाहून अशा वेळीही देशमुखांची जीभ वळवळलीच. "घाण्याचा बैल हा. इथंच गोल फिरवील आम्हाला."

धोंडाई पुढे झाली. तिनं गाडीच्या बैलांपुढचं जू पवळ्याच्या मानेवर ठेवलं आणि महाराजांचं नाव घेतलं. जुवाचं रिकामं टोक खाली यायला हवं ना? ते अधांतरी सरळ राहिलं आणि गाडी हलली! घाटमाथा येईपर्यंत देशमुख त्या रिकाम्या जागेकडे बघत चालले. वैद्यांनी मात्रा उगाळून दिली आणि गोदाचा ताप उतरला.

दुसऱ्या दिवशी देशमुख तडक मठात आले. महाराज काल आसनावरून उठलेसुद्धा नव्हते, असं सगळे सांगत होते. पण त्यांच्या उघड्या खांद्यावर जुवाचा लाल वळ होता. देशमुखांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

महाराज म्हणाले, "माझं राहू दे. जिनं बैल दिला, ती तिथं उभी आहे."

देशमुख उठले. साऱ्या गावादेखत धोंडाईपुढे वाकले आणि रडत म्हणाले, "आई, तू वाट अडवली नव्हतीस गं. मीच माघारी फिरलो."