अंबारीतून दिसणारा दसरा

दसऱ्याच्या मिरवणुकीचं छापील चित्र हातात घेऊन रायाजीराव महाराजांनी पहिलाच प्रश्न विचारला, "माझ्या डोक्यावर हा कोण बसलाय?"

छापखान्याचे चितारी नागोजी जिनगर चाचरले. "सरकार, तो तांबट आळीतला म्हादू. माडीवरून मिरवणूक बघतोय."

"म्हणजे मी हत्तीवर, आणि म्हादू माझ्याही वर?"

दिवाणसाहेबांनी लगेच री ओढली, "घोर अपमान, सरकार. मला तरी घोड्यावर जरा मोठा काढायचा."

महाराज हट्टाला पेटले. चित्र नवं काढायचं. आपल्यापेक्षा उंच एकही डोकं नको. पण माड्या भरलेल्या दिसल्या पाहिजेत, आणि हत्ती ताणून ताडाएवढा करायचा नाही, लोक हसतात. जमलं नाही तर छापायचा दगड नदीत आणि नागोजी संस्थानाबाहेर.

घरी नागोजींनी माणसं खाली बसवून पाहिली. मिरवणुकीची पंगत झाली. माड्या बुटक्या केल्या, तर गाव खुराड्यासारखं दिसू लागलं. ते डोक्याला हात लावून बसले. दगडावर शाई फिरवणारी त्यांची लेक अनशी बराच वेळ ते खोडलेले कागद बघत होती. मग ती एकदम हसली आणि म्हणाली, "बाबा, महाराजांना काढूच नका."

नवं चित्र घेऊन अनशीच दरबारात गेली. महाराजांनी ते मांडीवर पसरलं. खाली हत्तीचे कान, पुढे रस्ता, दोन्हीकडे भरलेल्या माड्या, आणि घोड्यावरून उतरलेल्या दिवाणसाहेबांसकट सगळे वाकून मुजरा करताहेत.

"मी कुठे आहे?"

"अंबारीत, सरकार. तिथून जसं दिसतं, तसं बाबांनी काढलंय."

"पण म्हादू अजून माडीवरच आहे."

"माडीवर आहे, पण सरकारांच्या गुडघ्याशी आहे."

महाराजांनी खाली पाहिलं. खरंच की! पण हार मानतील तर ते महाराज कसले? "पोरी, हे चित्र बाजारात विकलं जाणार. उद्या एखाद्या भाजीवालीनं ते मांडीवर घेतलं तर?"

"तर दिवाणसाहेब तिलाही मुजरा करतील, सरकार. तिचा पाला निवडून होईपर्यंत."

दरबार खाली मान घालून हसू दाबू लागला. दिवाणसाहेब घाईघाईनं पुढे आले. "सरकार, सगळ्या प्रती मीच विकत घेतो."

महाराज इतके हसले की पगडी सावरायला हुजऱ्या धावला. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून अनशीला दिलं आणि म्हणाले, "बापाला सांग, दगड पुसू नको. दिवाणसाहेब घेत राहतील तोवर छापत राहा."