त्रेसष्ट वळणांची होडी

तालुक्याच्या एका गावी, आठवडी बाजाराच्या तोंडाशी, शालन नावाची एक बाई बिघडलेली यंत्रं दुरुस्त करायची. रेडिओ म्हणू नका, मिक्सर म्हणू नका, मोबाईल म्हणू नका. जे बंद पडेल ते तिच्या टेबलावर यायचं आणि चालू होऊन घरी जायचं. हात हलका, नजर बारीक. खोट एवढीच, की यंत्र टेबलावर टेकायच्या आधीच ती त्याचा रोग सांगून मोकळी व्हायची. दहांत नऊ वेळा तिचं खरं निघायचं, म्हणून दहावी वेळ कुणी लक्षात ठेवत नसे. तीही नाही.

त्याच गावात धोंडीराम मास्तर राहायचे. चाळीस वर्षं त्यांनी गावाचे कपडे शिवले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, बोलणं सावरलं, पण उजव्या हाताचा अंगठा काही वळेना. कात्री हातातून सुटून पडायची. डॉक्टर म्हणाले, अंगठा हलवत राहा. मास्तर म्हणाले, हलवू कशासाठी?

तेव्हा त्यांच्या भाचीनं त्यांना हातात धरून खेळायचं एक गेमचं यंत्र आणून दिलं. मास्तर त्याला 'डबी' म्हणायचे. डबीत एक खेळ होता. नदीतून होडी न्यायची, अंगठ्यानं बारकी दांडी फिरवायची आणि वळण पार करायचं. पहिलं वळण पार करायला मास्तरांना दीड महिना लागला. मग दुसरं, मग तिसरं. पार केलेलं प्रत्येक वळण डबीतल्या नखाएवढ्या मेमरी कार्डावर उमटून राहायचं. अष्टमीच्या संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट वळणं झाली होती. डॉक्टरांच्या कागदावर मास्तरांचा नसेल एवढा विश्वास त्या आकड्यावर होता. त्रेसष्ट म्हणजे अंगठा जिवंत आहे.

दसरा झाला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर शालनच्या दुकानात आले. ते पुढे होते आणि त्यांची सून स्वप्नाली चार पावलं मागं. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती, हे रस्त्यावरच्या कुत्र्यालाही कळलं असतं. दुकानात किराणावाले पोपटशेठ आपला मिक्सर मांडीवर घेऊन बसले होते.

"या मास्तर. काय झालं?" शालननं विचारलं.

"मला काय विचारतेस? हिला विचार. दसऱ्याच्या मुहूर्तावर हिनं माझी होडी बुडवली."

स्वप्नालीचा चेहरा एवढासा झाला. "ताई, डबीवर आठ दिवस सारखं येत होतं, नवीन अपडेट आलंय म्हणून. म्हटलं, चांगला दिवस बघून करू. दसऱ्याला सकाळी केलं. अपडेट नीट झालं, डबी बंद होऊन आपोआप चालू झाली. आणि मग हे आलं."

शालननं डबी चालू केली. पडद्यावर अक्षरं उमटली: कार्ड ओळखता येत नाही. फॉरमॅट करायचं का? खाली दोन चौकोन होते. हो. नाही.

"मी दचकले आणि काही न दाबता बंदच करून टाकली," स्वप्नाली म्हणाली.

"हात्तिच्या! हे होय," शालन म्हणाली. "अपडेटनं डबीचं फर्मवेअर बदललं. फर्मवेअर म्हणजे डबी ज्या हुकमावर चालते तो आतला हुकूम. नव्या हुकमाला जुनं कार्ड चालत नाही. मागच्या उन्हाळ्यात अशा दोन आल्या होत्या. थांबा, दाखवतेच."

तिनं खणातून एक नवं कोरं कार्ड काढलं आणि डबीत सारलं. डबीनं ते मुकाट ओळखलं.

"बघा! डबी ठणठणीत, अपडेट ठणठणीत. अडतंय ते जुनं कार्ड."

"वा!" पोपटशेठनी मिक्सरवरच टाळी दिली. "पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. याला म्हणतात हात."

शालनला ते गोड लागलं. तिनं जुनं कार्ड पुन्हा आत घातलं. पुन्हा तीच अक्षरं आली. "आता फॉरमॅट केलं, की नव्या हुकमाप्रमाणे आखून निघेल. मग हेच कार्ड नव्यासारखं चालेल."

"आणि वळणं?" मास्तरांनी विचारलं.

"ती पुसली जातील, मास्तर. पण आता तुमचा हात सरावलाय. पहिल्यापासून खेळलात तरी भरभर होतील पार."

मास्तरांनी उजवा हात शालीत ओढून घेतला. म्हणाले, "पहिल्यापासून नको. तुझ्याकडेच ठेव ती डबी. कुणा पोराला देऊन टाक."

"ताई, तीन दिवस त्यांनी तो हात हलवलेला नाही," स्वप्नाली हलक्या आवाजात म्हणाली. "चहासुद्धा डाव्या हातानं घेतात."

शालनचं बोट 'हो' या चौकोनावर टेकायला आलं होतं. पोपटशेठ पुढे वाकून बघत होते. तेवढ्यात मास्तर म्हणाले,

"शालन, एक विचारू? गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की मला बघूनच माप कळायचं. छाती छत्तीस, खांदा सतरा. कधी चुकलं नाही. तरी टेप लावल्याशिवाय मी कात्री चालवली नाही. कापलेलं कापड शिवता येतं गं, पुन्हा अखंड करता येत नाही. तू टेप लावलीस का?"

"अहो मास्तर, शिलाईचं इथं कुठं आणताय!" पोपटशेठ हसले. "ती शालन आहे. तिला सगळं ठाऊक असतं."

हे ऐकून मात्र शालनचं बोट तिथंच थांबलं. मास्तरांचं बोलणं तिनं एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडलं असतं. पण पोपटशेठचं कौतुक तिला काट्यासारखं रुतलं. आपल्याला खरंच ठाऊक आहे का? मागच्या उन्हाळ्यातल्या दोन डब्या आठवल्या आणि आपण तिसरीचा निकाल लावून टाकला. 'हो' दाबलं तर काम होईल, वाहवा होईल आणि चुकलो होतो की नाही हे जगात कुणाला कधी कळणारही नाही. कळायला काही उरणारच नाही.

तिनं बोट मागं घेतलं.

"नाही लावली, मास्तर. वाटलं मला ठाऊक आहे. पण ठाऊक नाही मला."

पोपटशेठनी मांडीवरच्या मिक्सरकडे बघितलं. "अगं, मग याची मोटर जळलीय म्हणून सांगितलंस, ते तरी?"

"तेही पुन्हा बघते, शेठ. बसा जरा."

मग तिनं टेप लावायला घेतली. जुनं कार्ड डबीतून काढलं आणि आपल्या संगणकाला लावलं. संगणकालाही ते दिसेना. पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. नाहीच.

"गेलं ना?" स्वप्नालीनं विचारलं. "माझ्यामुळं सगळं गेलं."

पण शालनचा चेहरा उजळला होता. "अगं वेडे, उलट आहे! अपडेट कुठं केलंस?"

"डबीत."

"माझ्या संगणकात तर नाही केलंस? नव्या हुकमाला हे कार्ड चालत नसतं, तर फक्त डबीनं नाकारलं असतं. माझ्या संगणकाचं या कार्डाशी काय भांडण? त्यालाही दिसत नाही, म्हणजे अडचण कार्डाच्याच अंगावर आहे. तुझ्या अपडेटला मी उगाच फासावर द्यायला निघाले होते." ती मास्तरांकडे वळली. "मास्तर, आता सगळं नीट सांगा. डबी शेवटची नीट कधी चालली?"

"अष्टमीला, संध्याकाळी. त्रेसष्टावं वळण झालं."

"नवमीला?"

मास्तरांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिनं सुईला भोक कुठं असतं ते विचारलं. "खंडेनवमीला हत्यार कोण चालवतं? त्या दिवशी हत्याराला विसावा. त्या दिवशी पूजा."

"म्हणजे डबीही पूजेत होती?"

"होती म्हणजे? कात्री, टेप, इस्त्री, मशीन आणि डबी. आता माझं हत्यार तेच आहे."

शालननं हळूच विचारलं, "पूजा केलीत कशी?"

"चाळीस वर्षं करतोय तशीच. वरवर कुंकवाचं बोट लावून पळणाऱ्यांतला मी नव्हे. मशीन खोलायचं, बॉबिन बाहेर काढायची, पुसायची, तेलाचा थेंब सोडायचा, हळदकुंकू लावायचं, पुन्हा बसवायची..." बोलता बोलता मास्तरांचा आवाज संथ झाला. मग थांबलाच.

"आणि डबीतनं काय काढलंत?"

मास्तर आपल्या चपलांकडे बघत म्हणाले, "तिची बॉबिन."

"कार्ड?"

"कार्ड."

"त्यालाही तेल?"

"एकच थेंब," मास्तर म्हणाले. "चांगलं, मशीनचं."

पोपटशेठना हसू आवरेना. "मास्तर, नैवेद्य तेवढा राहिला म्हणायचा!"

शालननं भिंग डोळ्याला लावलं. कार्डाच्या पाठीवर सोनेरी दातांची एक बारीक रांग असते. त्या दातांनीच कार्ड डबीशी बोलतं. दातांच्या फटीफटीत तेलात कालवलेलं तांबडं-पिवळं बसलं होतं. नवं कार्ड स्वच्छ होतं, म्हणून डबीला समजलं. या बिचाऱ्याचं तोंडच माखलेलं, ते बोलणार कसं? नवमीला डबी विसाव्यात होती म्हणून कुणाला कळलं नाही. दसऱ्याला सकाळी पहिलं काम झालं ते अपडेटचं, आणि सगळं खापर त्याच्या माथ्यावर फुटलं. अपडेटच्या आणि ते करणारीच्या.

तिनं कापूस घेतला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि एकेक दात पुसला. डबीची खाचही पुसली. मग दोन्ही वाळू दिलं. घाई केली नाही. पोपटशेठनी दोनदा घड्याळ बघितलं, तरी केली नाही. वाळल्यावर कार्ड तिनं आधी संगणकाला लावलं. संगणकानं ते ओळखलं. आत जे होतं त्याची तिनं अगोदर एक प्रत काढून ठेवली, आणि त्यानंतरच कार्ड डबीत सारून डबी मास्तरांच्या पुढे ठेवली.

पडद्यावर नदी आली. काठाला होडी उभी होती. वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं: त्रेसष्ट.

नवा हुकूम आणि जुनं कार्ड, दोघांचं छान पटत होतं.

शालनला वाटलं, मास्तर झडप घालून डबी उचलतील. पण त्यांनी तिला हात लावला नाही. ते सुनेकडे वळले.

"सूनबाई, तीन दिवस तुझ्या हातचं जेवलो, पण एकदा तुला नावानं हाक मारली नाही. तू मुहूर्त बघून चांगलं करायला गेलीस. आणि कुंकू माझ्या बोटाचं होतं."

स्वप्नालीनं डोळे पुसले. मग शालीतला त्यांचा उजवा हात बाहेर काढून तिनं डबीवर ठेवला.

"बुडाली नव्हती, मामंजी. नुसती रुतली होती. चला आता, चौसष्टावं वळण."

अंगठा तीन दिवसांत पुन्हा जड झाला होता. होडी दोनदा काठावर आपटली. तिसऱ्या वेळी पलीकडे गेली. पोपटशेठनी एवढ्या जोरात "शाब्बास!" म्हटलं, की मांडीवरचा मिक्सर खाली पडता पडता वाचला. बरं झालं वाचला. शालननं नंतर तो उघडला, तेव्हा मोटर जळलेली नव्हतीच. तार तेवढी सुटली होती.

त्या दिवसापासून शालन यंत्र हातात घेण्याआधी गिऱ्हाईकाला बसायला सांगते आणि विचारते, "शेवटचं नीट कधी चाललं? त्यानंतर काय काय केलंत? सगळं सांगा. पूजासुद्धा."

पुढच्या वर्षी खंडेनवमी आली, तेव्हा मास्तरांनी डबीसाठी खणाच्या कापडाची एक छोटी पिशवी शिवली होती. वारं गेल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच कात्री हातात धरली होती. टाके वाकडे पडले होते, एका बाजूला दोरा सुटला होता. मास्तरांनी कात्री, टेप, इस्त्री आणि मशीन मांडलं, शेवटी पिशवीतली डबी ठेवली आणि हळदकुंकू लावलं. पिशवीला.

तात्पर्य: अगदी शेवटी जे घडलं त्याच्याच माथी दोष मारू नये, आणि पुसलं की जे परत येत नाही, त्याला हात लावण्याआधी जाणत्या माणसानंही "मला ठाऊक नाही" असं म्हणून एकदा नीट विचारून घ्यावं.