समुद्राची पंगत

ऐका हं. खाडीकाठच्या एका गावात आवडी नावाची बाई राहायची. तिचा नवरा राघो गलबतावर खलाशी होता. एकदा तो मिरी आणायला दक्षिणेकडे गेला. पावसाळा सरला, दिवाळी सरली, गलबत काही परत आलं नाही. लोक म्हणायला लागले, "आवडे, कुंकू पूस आता." ती म्हणाली, "त्याला बघितल्याशिवाय नाही पुसणार."

मग ती निघाली. किनाऱ्याकिनाऱ्यानं दक्षिणेकडे चालत परमुलखातल्या एका देवळाच्या गावी आली. गावाला लागूनच समुद्र. देवळात येईल त्याला जेवू घालायचे. केळीच्या पानावर वाफाळता भात, सार, ओला नारळ घातलेली भाजी, गुळाची खीर. मासा नाही, कांदा नाही, लसूण नाही, पण माणसं बोटं चाटत उठायची.

आवडी जेवली आणि मागच्या पडवीत कलंडली. जाग आली तेव्हा भर दुपार होती. सगळं सामसूम. कावळासुद्धा ओरडत नव्हता. आणि बघते तर काय, अंगणात पुन्हा पानं मांडलेली, भात वाढलेला, आणि जेवायला कुणीच नाही.

मग समुद्राकडचं दार उघडलं. वारा नव्हता, बरं का. फरशीवर ओली पावलं उमटत आली. नुसतीच पावलं. हळूहळू त्या पावलांवर माणसं दिसायला लागली. केसांत शेवाळ, अंगावरून पाणी निथळतंय. ती पानांवर बसली आणि मान खाली घालून जेवू लागली. जेवणाचा आवाज म्हणून नाही.

सगळ्यांच्या शेवटी राघो बसला होता.

आवडीनं हाक मारली. त्यानं वर पाहिलं नाही. जेवून सगळे उठले, समुद्राकडे गेले, आणि दार मिटलं.

देवळात भाजी चिरणारी एक म्हातारी होती, अक्कम्मा. तिथं तिला एकटीलाच आवडीची कोकणी येत होती. ती म्हणाली, "समुद्रानं नेलेली माणसं ती, बाये. उपाशी राहू नयेत म्हणून देव त्यांनाही बोलावतो. जेवतात, पण त्यांना चव लागत नाही. ज्याला चव लागेल आणि तसं जो तोंडानं बोलेल, तो पुन्हा जमिनीचा होईल. माझ्या जन्मात कुणी बोललं नाही."

दुसऱ्या दिवशी आवडीनं त्याला खीर वाढली, गूळ दुप्पट घालून. राघोनं ती माती खाल्ल्यासारखी खाल्ली. मग तिनं त्याचा हात धरला. तिची ओंजळ खाऱ्या पाण्यानं भरली आणि बोटं निळी पडली. अक्कम्मानं तिला मागं ओढलं. "शिवू नकोस. तूपण त्यांच्यातली होशील."

त्या दिवशी आवडी खूप रडली. मग तिच्या मनात आलं, हे जेवण देवाच्या घरचं. त्याच्या घरचं कुठंय यात?

मग तिसऱ्या दिवशी तिनं कुळीथ भाजले, जात्यावर दळले, कोकम घालून पिठी केली. दुपार व्हायच्या आत सगळं घाईघाईनं उरकलं. राघोच्या भातावर तिनं पळीभर पिठी वाढली. त्यानं घास घेतला, आणि त्याचा हात थांबला. मग तो हळूच म्हणाला, "आवडे, मीठ घालायला विसरलीस."

तशी अख्खी पंगत थांबली. सगळ्यांनी माना वर केल्या. डोळे कसे, तर विहिरीच्या तळाशी पाणी दिसतं ना, तसे. सगळे आवडीच्या हातातल्या पातेल्याकडे बघत होते. राघो उठायला गेला, पण त्याला उठता येईना. शेजारच्यांनी त्याचं धोतर धरलं होतं.

आवडीला पळून जावंसं वाटलं. पण ती पळाली नाही. एकेका पानावर ती पिठी वाढत गेली. प्रत्येकाला म्हणाली, "जेव बाबा, पोटभर जेव." एकाचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. ती चव त्याच्या घरची नव्हती ना.

पण धोतरावरचे हात सुटले. सगळे शांतपणे उठले आणि समुद्रात गेले. दार मिटलं. अंगणात राहिला एकटा राघो, ओलाचिंब, थंडीनं कुडकुडत.

मग दोघं घरी आली. त्यांना मुलं झाली, नातवंडं झाली, सगळी सुखानं राहिली. आणि त्या देवळात अजूनही भर दुपारी पानं मांडतात. कुणाच्या घरचं कुणीतरी वाढायला येईल, म्हणून.

चला, पाय पांघरुणात घ्या. मिटा बघू डोळे.